चट्टा खाजत नाही, हीच पंचाईत

एकटं डॅप्सोन हे औषध कुष्ठरोगाच्या जंतूंना पुरेना, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये त्याला रिफॅम्पिसिन आणि क्लोफॅझिमिनची जोड दिली. कुष्ठरोग खरा हटला तो या तिहेरी औषधांनी. पण रुग्णांचा आकडा खाली यायला हिशेबही कारणीभूत होता. सांसर्गिक रुग्णाचा उपचार 24 महिन्यांवरून 12 वर आला. उपचार संपला की नाव यादीतून कमी. म्हणजे नवे रुग्ण तेवढेच सापडत राहिले, तरी त्यांची यादी निम्म्यावर येते. डिसेंबर 2005 मध्ये देशाने ‘दहा हजार लोकांत एकापेक्षा कमी रुग्ण’ गाठलं, तेही याच यादीवर.

म्हणून मी तक्त्यात आधी दुसराच रकाना बघतो: नव्या रुग्णांत श्रेणी 2 ची, म्हणजे डोळ्यांना दिसणारी विकृती किती? बोटं वाकडी झाल्यावर माणूस सापडत असेल, तर तपासणी उशिरा पोचतेय.

आणि ती नीट होते का? कुष्ठरोगाचा चट्टा खाजत नाही, म्हणून माणूस आपणहून दाखवत नाही. त्यावर स्पर्श कळत नाही, तेच तपासायचं. आधी चांगल्या कातडीवर पेनचं टोक हलकेच टेकवून दाखवायचं. मग डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर टेकवायचं. टेकवलं तिथे त्याने बोट ठेवायचं. इथे दोन चुका हमखास होतात. पेन ओढलं की शेजारच्या कातडीला कळतं. ‘कळलं का?’ विचारलं की माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. चेहऱ्यावरच्या चट्ट्याला स्पर्श बऱ्याचदा कळतो, त्यामुळे तेवढ्यावर सोडून द्यायचं नाही. कोपराच्या आतल्या अंगाची नस दोन्ही हातांना चाचपायची. जाड लागली तर डॉक्टरांकडे.

नाशिकची अडचण निराळी. सुरगाणा-पेठची कुटुंबं गोडी छाटणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. आशाताई दुपारी पाड्यावर जाते तेव्हा दाराला कडी. गोळ्यांचं पाकीट 28 दिवसांचं, मुक्काम त्याहून लांब. निघण्याआधीच पुढची पाकिटं हातात द्यावीत आणि तिकडच्या आरोग्य केंद्राला फोन करावा. शिवाय रिफॅम्पिसिनने लघवी लाल होते, क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते, हे पहिल्या दिवशीच सांगावं. नाही सांगितलं तर पाकीट बांधावर पडतं.

रुग्णाच्या घरच्यांना रोग टाळण्यासाठी रिफॅम्पिसिनचा एक डोस देतात, तो आधी तपासूनच. ज्याला रोग आहे त्याला एका डोसाने भागत नाही. जंतू शरीरात सरासरी पाच वर्षं, कधी वीसही, गुपचूप राहतो. त्यामुळे यंदा चट्टा नसलेला पोरगा पुढच्या वर्षीही उघड्या अंगाने, उजेडात बघावा लागतो.