अमेरिकेला जाताना फोन कुठला न्यायचा: एडिसनमधल्या पाच महिन्यांचा अनुभव

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं गेल्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो आणि फेब्रुवारीत सांगलीला परतलो. डिंक, आळीव, गोडा मसाला, बाळाची दुपटी यांची तयारी दोन महिने आधी सुरू होती. फोनचा विचार मात्र निघायच्या आदल्या आठवड्यात केला, आणि तिथे गेल्यावर सगळ्यात जास्त अडलं ते फोनवाचूनच. आमच्या वयाची कितीतरी जोडपी याच कामासाठी निघतात, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे मुलाने वापरून दिलेला आयफोन १३ होता, इथेच घेतलेला. यांच्याकडे बारा हजारांचा, दोन सिमचा अँड्रॉइड. सांगलीत दोन्ही उत्तम चालायचे. यांच्या फोनची बॅटरी तर दोन दिवस पुरायची, त्यामुळे तो बदलायचा विषयच निघाला नाही.

मुंबईहून दुबईमार्गे न्यूयॉर्क असा प्रवास होता. दुबईच्या विमानतळावर फुकट वायफाय मिळतं, पण तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही, नुसता मेसेज जातो. अमिरातीत हे कॉल बंदच ठेवलेले आहेत. आम्हाला ठाऊक नव्हतं, लेक तिकडे वाट बघत बसली. दुबईला थांबणार असाल तर ‘पोचलो की मेसेज टाकतो’ असं घरी आधीच सांगून ठेवा.

एडिसनला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी जावयांनी ओक ट्री रोडवरच्या एका दुकानातून प्रीपेड नंबर घेऊन दिले. माझ्या फोनमध्ये माझं इथलं सिम तसंच राहिलं आणि तिथला नंबर ई-सिम म्हणून, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच बसणारं सिम म्हणून आला. दुकानातल्या मुलाने एक क्यूआर कोड समोर धरला, मी तो स्कॅन केला, दोन मिनिटांत काम झालं. यांच्या फोनमध्ये ई-सिमची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या खाचेत तिथलं कार्ड घातलं. रेंज आली, नेट चाललं, व्हॉट्सअ‍ॅपवर सांगलीला व्हिडिओ कॉलही झाला. आम्ही निश्चिंत झालो.

पुढे एक गोष्ट लक्षात यायला लागली. अंगणात गेलं की यांच्या फोनला दोन कांड्या, स्वयंपाकघरात आलं की एकही नाही. घरात वायफाय होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

ऑक्टोबरात लेकीला दवाखान्यात नेलं तेव्हा जावई आणि मी तिच्याबरोबर गेलो. पाच वर्षांच्या नातीला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम यांच्याकडे. शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर. जावयांनी शाळेला यांचा नंबर कळवून ठेवला होता. त्या दिवशी नातीला शाळेत ताप भरला. शाळेच्या नर्सने यांना तीनदा फोन लावला, एकदाही वाजला नाही. हे घरात फोन शेजारी ठेवूनच बसले होते. शाळा व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करत नाही, ती साधा नंबरच लावते. तास-दीड तासाने जावयांनी प्रसूतीच्या खोलीबाहेर येऊन आपल्या फोनवरचे शाळेचे मिस्ड कॉल बघितले, यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, तेव्हा हे धावत गेले. पोरगी नर्सच्या खोलीत कोपऱ्यातल्या पलंगावर बूट घालूनच झोपली होती. हे अजूनही तो प्रसंग सांगताना थांबतात.

दोन दिवसांनी हे फोन घेऊन दुकानात गेले. त्या मुलाने तिथल्या सिमवरून एक नंबर लावून दाखवला. हिरवं बटण दाबलं की वरचं ४जीचं चिन्ह जायचं, फोन काहीतरी शोधत राहायचा आणि काही सेकंदांनी कॉल आपोआप बंद व्हायचा. मग ४जी परत. त्याने पाच-सहा वेळा तेच दाखवलं आणि कारण समजावलं. ते मी वहीत लिहून घ्यायला लावलं होतं, तेच इथे देते.

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. त्यामुळे साधा कॉलसुद्धा आता ४जी किंवा ५जीवरूनच जातो. त्याला आपल्याकडे व्होल्टी म्हणतात. फोनमध्ये व्होल्टी असणं पुरेसं नाही, तिथल्या त्या कंपनीच्या सिमवर ते चालू व्हायला हवं. यांच्या फोनमध्ये सांगलीच्या सिमसाठी व्होल्टीचा पर्याय दिसायचा, तिथल्या सिमसाठी सेटिंगमध्ये तो नव्हताच. मग कॉलच्या वेळी फोन जुनं जाळं शोधायला जातो, आणि ते जाळं उरलेलंच नाही. आपल्याकडे २जी अजून चालू आहे, म्हणून इथे ही उणीव कधी कळत नाही. संकटकाळी लावायच्या ९११ ला सुद्धा हाच रस्ता लागतो, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

दुसरी गोष्ट बँडची. प्रत्येक देशात मोबाइलच्या लहरी ठरावीक पट्ट्यांतून जातात आणि त्यांना क्रमांक असतात. आपल्याकडे ४जीला मुख्यतः १, ३, ५, ८, ४० आणि ४१. इथले स्वस्त फोन बहुतेक एवढ्यावरच बनवलेले असतात, यांचाही तसाच. अमेरिकेत मुख्य पट्टे २, ४, १२, १३, ६६ आणि ७१. आपल्या यादीतले ५ आणि ४१ तेवढे तिथे वापरात, तेही सगळ्या कंपन्यांकडे नाहीत. १२, १३ आणि ७१ हे कमी वारंवारितेचे, ६०० ते ७०० मेगाहर्ट्झच्या घरातले. भिंतीतून आत शिरतात ते हेच. यांच्या फोनला ते ऐकूच येत नव्हते, म्हणून अंगणात रेंज आणि स्वयंपाकघरात शुकशुकाट.

युरोपला जाणाऱ्यांना एवढा त्रास होत नाही, तिथे १, ३ आणि ८ हे आपलेच पट्टे चालतात. अमेरिका आणि कॅनडाला जाणाऱ्यांनी मात्र निघण्याआधी दोन कामं करा. फोनच्या कंपनीच्या साइटवर आपल्या नेमक्या मॉडेलचे बँड बघा. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगळ्या बँडचा विकला जातो, म्हणून नाव नको, खोक्यावरचा मॉडेल क्रमांक बघा. मग फोनवर स्टार-हॅश-०६-हॅश दाबा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक येतो. तो मुलांना पाठवा आणि तिथल्या ज्या कंपनीचं सिम घेणार तिच्या साइटवर टाकून बघायला सांगा. फोन तिथे चालेल की नाही, हे ती सांगते. काही कंपन्या ठरावीक मॉडेलची यादीच ठेवतात आणि बाहेरचा फोन नाकारतात. पाच मिनिटांचं काम आहे, आम्ही केलं असतं तर पोरीला ताटकळावं लागलं नसतं.

यांना नवा फोन घ्यायचा ठरला तेव्हा जावई म्हणाले, ‘बाबा, इथूनच नवा आयफोन घेऊ.’ मन मोठं त्यांचं, पण आम्ही नको म्हटलं. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम. आपल्याकडे ई-सिम मिळतं, पण हे शेतावर जाताना सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घालतात. ती सवय मोडायची नव्हती. शिवाय हप्त्यावर किंवा प्लॅनबरोबर स्वस्तात मिळणारा फोन त्या कंपनीला बांधलेला असतो, तो सांगलीत आणला की आपलं सिम घेत नाही. म्हणून तिथे घेणार असाल तर दुकानात एकच शब्द धरून ठेवा: अनलॉक. आम्ही तीनशे डॉलरच्या आसपासचा अनलॉक अँड्रॉइड घेतला, एक खाच आणि एक ई-सिम असलेला, दोन्हीकडचे बँड तपासून. त्या दिवसापासून स्वयंपाकघरातही कांड्या दिसायला लागल्या.

तरीही माझं मत विचाराल तर फोन इथूनच घेऊन, महिनाभर वापरून मग जा. कारण बँक. बँकेचं अ‍ॅप आणि यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना आपल्या भारतातल्या सिमवरून एक एसएमएस आपोआप जावा लागतो. तिथून तो रोमिंगवर जातो, पैसे पडतात आणि कधी जातच नाही. यांच्या नव्या फोनवर पेन्शनच्या खात्याचं अ‍ॅप दोन दिवस अडून बसलं होतं. इथे घरात बसून केलं असतं तर चुटकीसरशी झालं असतं.

याहून मोठी गोष्ट, भारतातला नंबर चालू ठेवा. काही जण सिम काढून पाकिटात ठेवतात आणि मग महावितरणचं बिल भरताना ओटीपी कुठे येणार या विचारात पडतात. निघण्याआधी पाच-सहा महिन्यांचं रिचार्ज करा आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. आमच्या प्लॅनवर येणारे एसएमएस तिथे फुकट होते, ओटीपी व्यवस्थित यायचे. पण त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. तिथलं सिम डेटासाठी निवडा आणि ‘ऑटो डेटा स्विच’ असा काही पर्याय असेल तर तोही बंद करा. नाहीतर रेंज गेली की फोन आपल्या इथल्या सिमवर उडी मारतो आणि बिल चढतं. इथल्या नंबरवर आलेला कॉल उचलायचा नाही, उचलला की रोमिंगचे पैसे. भाऊ, वहिनी, शेजारी सगळ्यांना सांगून ठेवा की व्हॉट्सअ‍ॅपवरच करा. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर राहू द्या, तिथला नंबर त्याला जोडू नका.

फोनमधले सगळे नंबर निघण्याआधी अधिक ९१ लावून साठवा. अधिकाचं चिन्ह शून्य दाबून धरलं की येतं. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तोच तिथे चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. तो इथून न्या. सिम काढायची पिन पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. आमची हरवली तेव्हा लेकीने कानातल्या कुडीच्या दांडीने खाच उघडली होती.

परत आल्यावर मुंबईत उतरताच यांनी तिथलं ई-सिम बंद केलं, डेटा इथल्या सिमवर आणला आणि सांगलीच्या गाडीत बसायच्या आत नातीला फोन लावला. जुना बारा हजारांचा फोन आता शेतावरच्या गड्याकडे आहे, तिथे छान चालतो.