मुळ्याच्या रसाचा खटला

कोरियात परीक्षेचं वेड किती, हा विषय निघाला की सोलमधली जुनी मंडळी १९६४ सालचा मुळ्याचा रस काढतात. तेव्हा इथे माध्यमिक शाळेत जायलाही प्रवेशपरीक्षा होती. पेपरात प्रश्न आला: 'योत' ही चिकट मिठाई करताना मोडाच्या धान्याऐवजी काय चालेल? ठरलेलं उत्तर होतं डायास्टेज, म्हणजे पिठूळ पदार्थाची साखर करणारं एन्झाइम. 'मुळ्याचा रस' निवडणाऱ्यांचा गुण गेला, आणि काहींची नामांकित शाळाही. मग आयांनी मुळ्याच्या रसात खरोखर योत शिजवली आणि पातेल्यांसकट शिक्षण खात्यावर धडक मारली. प्रकरण कोर्टात गेलं. १९६५ मध्ये मुलं जिंकली!

हे वेड आजकालचं नाही. सरदारांना वेसण घालायची म्हणून ग्वांगजोंग राजाने ९५८ साली चीनच्या धर्तीवर परीक्षेतून अधिकारी निवडायला सुरुवात केली. पुढे जोसोन राजवटीत गावोगावी 'सोदांग' निघाली. थेट आपल्या पंतोजींची शाळा, छडीसकट. सगळ्यात वर सोलचं सोंगग्युनग्वान हे राजविद्यालय, १३९८ चं. कागदोपत्री ही परीक्षा सामान्य रयतेलाही खुली होती, पण शेतकऱ्याच्या पोराला वर्षानुवर्षं कन्फ्यूशियसचे ग्रंथ घोकायला सवड कुठली? १८९४ मध्ये ती बंद झाली. मग जपानी अंमल आला, आणि त्याच्या अखेरीस शाळांतून कोरियन भाषाच हद्दपार झाली.

स्वातंत्र्यानंतरची सरकारं मात्र परीक्षेच्या मागे हात धुऊन लागली. १९६९ मध्ये सोलपासून सुरुवात करून माध्यमिकची प्रवेशपरीक्षा काढली आणि सोडत आणली. चुरस हायस्कूलला सरकली. १९७४ पासून मोठ्या शहरांत तिथेही सोडत. चुरस विद्यापीठाच्या दारात. १९८० मध्ये लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवरच बंदी घातली. त्या चोरून चालू राहिल्या, आणि २००० मध्ये घटना न्यायालयाने ती बंदी मोडीत काढली. माझ्या मते इलाज दरवेळी शाळेवर झाला. दुखणं नोकरीच्या बाजारात आहे. ठराविक विद्यापीठांचा शिक्का तिथे आजही चालतो.

आता नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी 'सुनुंग', म्हणजे विद्यापीठाची देशव्यापी प्रवेशपरीक्षा असते. ऑफिसं तासभर उशिरा उघडतात, उशीर झालेल्या मुलांना पोलीस मोटारसायकलवरून सोडतात, इंग्रजी ऐकण्याच्या भागाला देशभर विमानांची ये-जा थांबते. लातूर-कोटा ऐकून असलेल्या मलाही हे अति वाटलं होतं.

सोलमध्ये क्लास रात्री दहाला बंद करायचा नियम आहे. शेजारणीचा मुलगा दहाला सुटतो आणि तिथूनच स्टडी कॅफेत जाऊन बसतो. क्लासचा नियम तिथे लागत नाही.