बॉयलरचं कंडेन्सेट: नळी कुठे न्यायची, कशी न्यायची

कंडेन्सिंग बॉयलर (जळलेल्या वायूतल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा, घर गरम करणारा बॉयलर) बसवताना गॅसच्या जोडणीकडे सगळ्यांचं लक्ष असतं; ते पाणी, म्हणजे कंडेन्सेट, बाहेर नेणारी खालची बारीक प्लॅस्टिकची नळी कशीतरी उरकली जाते. कडाक्याच्या थंडीत बॉयलर बंद पडला, तर पहिला संशय याच नळीवर घ्यावा.

एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की दीड लिटरहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. रेडिएटरकडून परतणारं पाणी ५५ अंशांच्या बरंच खाली असेल, तर या वाफेपैकी बऱ्याच वाफेचं बॉयलरमध्येच पाणी होतं. दिसायला ते स्वच्छ, पण पीएच ३ ते ५, म्हणजे चांगलंच आम्लधर्मी. म्हणून नळी पीव्हीसी किंवा पॉलिप्रॉपिलीनचीच हवी. तांबं, लोखंड, जस्ताचा मुलामा हे सगळं त्यात झिजतं, सिमेंटही.

शक्य असेल तर ती घरातल्या घरातच सांडपाण्याच्या नळीला जोडा. तिथे साबणाच्या पाण्याने आम्ल सौम्य होतं आणि गोठण्याची भीती नसते. मीटरमागे ४५ मिमी उतार ठेवा, मध्ये कुठेही झोळ नको. बाहेरून न्यावीच लागली तर आतला व्यास किमान ३० मिमी, लांबी ३ मीटरच्या आत आणि वरून जलरोधक इन्सुलेशन. थेंब थेंब पाणी थरावर थर गोठत नळी बुजवतं. बॉयलरमधला सायफन (पाणी साठवणारा छोटा कप्पा) पाणी साठवून एकदम सोडतो, तो त्यासाठीच.

नळी गोठली की पाणी आत तुंबतं, गुडगुड ऐकू येते आणि बॉयलर लॉक होतो, म्हणजे स्वतःच बंद पडतो. बाहेरच्या नळीवर कोमट पाणी ओता, उकळतं अजिबात नको, मग रीसेट करा.

बॉयलर सुरू करण्याआधी ट्रॅप (नळीच्या वाटेत पाणी धरून वायू अडवणारा भाग) पाण्याने भरलाच पाहिजे. तो कोरडा असेल तर जळलेला वायू, कार्बन मोनॉक्साइडसकट, त्या वाटेने खोलीत येऊ शकतो. यात हयगय नको.

सांडपाण्याची नळी जुनी लोखंडी असेल, तर मध्ये चुनखडीच्या खड्यांचा न्यूट्रलायझर, म्हणजे आम्ल सौम्य करणारा डबा, लावा. खडे विरघळून कमी होतात, उरलेल्यांवर गाळाची साय धरते, आणि पाणी वरवरून तसंच निघून जातं. दर वर्षी बाहेर पडणाऱ्या पाण्यात पीएच पट्टी बुडवा. ६ च्या खाली आलं की खडे बदला.

पाणी उताराने नेता येत नसल्याने पंप लागणार असेल, तर त्याच्या धोक्याच्या फ्लोटची (पाणी जास्त चढलं की उचलला जाणारा स्विच) वायर बॉयलरच्या कंट्रोलला जोडून घ्या, म्हणजे पंप बिघडला तरी बॉयलर थांबेल, जमिनीवर पाणी येणार नाही.