आमची वाटचाल : लाल पट्टीची डबी

बर म्हणजे दात घासायचं, कापायचं ड्रिलचं छोटं टोक. त्याच्या डबीवर पंधरा आकडे असतात. ते वाचून दाताच्या डॉक्टरांना माल देणारं म्हापशातलं दुकान म्हणजे आमचं, ही ओळख आम्ही कष्टानं कमावली आहे. ८०६ ३१४ २७७ ५१४ ०२३ : डायमंड, एअरोटरचा (डॉक्टरांच्या वेगवान ड्रिलचा) १.६ मिलिमीटर दांडा, अंड्याचा आकार, बारीक दाणा, २.३ मिलिमीटर जाडी. हे मला थोरल्या मेहुण्यांनी शिकवलं. ते पूर्वी दातांच्या लॅबमध्ये क्राउनवर, म्हणजे दातावर बसवायच्या टोपीवर, पोर्सेलिन चढवायचे. भांडवल माझं, पारख त्यांची, अशी आमची भागीदारी. क्राउनवरचा चरा ते नखानं ओळखत.

सुरुवातीला अल्जिनेट (दातांचा साचा घ्यायची पावडर), सिमेंट, हातमोजे हाच धंदा होता. पुढे पीएफएम (धातूवर पोर्सेलिन चढवलेले क्राउन) मागे पडून झिरकोनिया आणि ई-मॅक्स (बिनधातूचे सिरॅमिक) आले, आणि बर कुठला घ्यायचा हे डॉक्टर आम्हाला विचारू लागले. मेहुण्यांचं उत्तर ठरलेलं असे : बाइट (चावताना दातांची गाठ) उंच लागते म्हणून घासायचं असेल तर लाल पट्टी (बरवरच्या पट्टीचा रंग दाणा सांगतो, लाल म्हणजे बारीक), मग त्याहून बारीक पिवळी, आणि मग डायमंड भरलेले रबर पॉलिशर. हिरवी-काळी पट्टी (जाड दाणा) क्राउन कापून काढायला ठेवा. कार्बाइडचा, म्हणजे पात्यांचा, बर सिरॅमिकला लावूच नका, पाती बोथट होतात आणि कडा उडते.

ज्या वर्षी जीएसटी आला, त्याच वर्षी आमच्या हाताखाली तयार झालेला विक्रेता सोडून गेला. जाताना गिऱ्हाइकांची यादी घेऊन गेला. गोव्याबाहेरच्या एका पुरवठादाराचा माल घेऊन तो मडगावपासून पेडण्यापर्यंत फिरला. दहा डब्यांवर दोन फुकट, आणि वर सांगणं काय, तर ‘निळी पट्टी (मध्यम दाणा) सगळ्याला चालते, लाल-पिवळीचा खर्च कशाला?’ आमच्या अर्ध्या किमतीत माल मिळतोय म्हटल्यावर पुष्कळ डॉक्टर तिकडे वळले. ते मी समजू शकतो. पण काही महिन्यांनी क्राउन फुटून परत येऊ लागले, तेव्हा हे आमच्या जुन्या स्टॉकच्या बरमुळे झालं असं त्यानं पसरवलं. ते मी आजही विसरलेलो नाही.

त्या पावसाळ्यात आमची बिलं अडकली. बँकेच्या सीसीची (कॅश क्रेडिट कर्जाची) मर्यादा भरली. एका मोठ्या क्लिनिकनं उघडलेल्या डब्या परत पाठवल्या. उघडलेली डबी परत घेऊन आम्ही ती कुणाला विकायची? मेहुणे दुकानात यायचे, रॅक पुसायचे, आणि कुणाचाही फोन नाही म्हणून संध्याकाळी घरी जायचे.

फोंड्याच्या डॉक्टर बाई तेवढ्या टिकल्या. त्यांनी आम्हाला क्लिनिकवर बोलावलं. दुसरीकडून आलेल्या पेशंटचा फुटलेला झिरकोनिया क्राउन आणि त्यावर चालवलेला बर त्यांनी मिळवून ठेवला होता. लूप (डोळ्याला लावायचं भिंग) लावून मेहुण्यांनी बर पाहिला. टोकाकडचं निकेल उडालं होतं, हिरे गळून खालचं पोलाद चमकत होतं. क्राउनच्या आतल्या बाजूला खोल, समांतर चरे होते आणि फूट त्यातल्याच एका चऱ्यातून गेली होती. बाई म्हणाल्या, “हा तुमच्या डबीतला नव्हेच. आणि पाणीसुद्धा बंद ठेवून घासलंय.” कोरडं घासलं की झिरकोनियातून ठिणग्या उडतात, ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. जाड दाणा, दाब आणि उष्णता एकत्र आली की पृष्ठभागाचे कण रूप बदलतात, आकारानं फुगतात आणि बारीक भेगा पडतात. त्या दिवशी दिसत नाहीत, चावताना उघडतात.

बाईंनी हे स्वतः चार डॉक्टरांना सांगितलं. आम्ही कुणाच्या दारात सफाई द्यायला गेलो नाही. ऑर्डरी हळूहळू परत आल्या. पुढची वर्षं बरी गेली, लॉकडाउनचे महिने सोडून.

नव्यानं प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, ते इथेही लिहितो. ई-मॅक्सचा पातळ तुकडा बसवण्याआधी बाइट तपासू नका, चिकटवल्यावरच तपासा. सिमेंटशिवाय त्याला आधार नसतो. आर्टिक्युलेटिंग पेपर (दात कुठे टेकतात तिथे डाग पाडणारा रंगीत कागद) पातळ घ्या. जाड पेपरनं नको तिथे डाग पडतात आणि तुम्ही चांगला भाग घासत बसता. हात हलका, पाणी भरपूर. घासून झाल्यावर पॉलिश टाळू नका : खरबरीत झिरकोनिया समोरच्या दाताचं इनॅमल (वरचं कठीण कवच) खातं, चकचकीत केलेलं झिरकोनिया त्या मानानं सौम्य असतं. नुसत्या ग्लेझवर (वरच्या काचेसारख्या थरावर) विसंबू नका, तो थर झिजतो. बर कापेनासा झाला की जोर वाढवू नका, टाकून द्या. आणि आपल्या दमट हवेत ऑटोक्लेव्हमधून (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रातून) काढलेले बर ओलेच डबीत भरू नका, दांडे गंजतात.

मेहुणे आता कमी येतात, पण नवा लॉट आला की लूप घेऊन बसतात. डॉक्टरांनो, ऑर्डर देताना क्राउन कशाचा आहे आणि तोंडात घासायचा की कापून काढायचा, एवढं आधी सांगा. त्यावरून पट्टी आम्ही ठरवून देऊ.