शाम्पूच्या बाटलीवरच्या खाचा

पुण्यात दोन वर्षं जपानीचा क्लास करून एन-फोर ही जपानीची परीक्षा पास झाले होते. त्यामुळे टोकियोला आल्यावर रोजच्या व्यवहारात अडायचं नाही, असा मला भरवसा होता. पण स्टेशनचा रस्ता विचारता येणं वेगळं आणि नेलकटर मागता येणं वेगळं. नेलकटरला 'त्सुमेकिरी' म्हणतात. त्सुमे म्हणजे नख आणि किरी म्हणजे कापणारं. दोन्ही शब्द मला सुटे येत होते, तरी दुकानात मी बोटांनी खाणाखुणाच केल्या.

आम्ही निशि-कासाईत राहतो. घराजवळ औषधांचं मोठं दुकान आहे, तिथे साबणापासून डायपरपर्यंत सगळं मिळतं. पहिल्या आठवड्यात मी तिथून शाम्पू म्हणून एक पाकीट आणलं. पाकिटावर 'तोरीतोमेन्तो' हे मला नीट वाचता आलं होतं. म्हणजे ट्रीटमेंट, खराब केसांसाठीचा शाम्पू असणार, असं मी धरून चालले. तीन दिवस केस धुतले. फेस येईना आणि केस तेल लावल्यासारखे चिकट. ते शाम्पूनंतर लावायचं क्रीम होतं. शाम्पूला इथे 'शाम्पू'च म्हणतात. हा शब्द हिंदीतल्या 'चाँपना'वरून, म्हणजे चेपण्यावरून इंग्रजीत गेला आणि तिथून जपानीत आला. आपल्या चंपीचा नातेवाईकच तो, आणि तोच मला दुकानात ओळखता आला नाही, याचं फार वाईट वाटलं.

मग वॉर्डातल्या स्वयंसेवकांच्या जपानी वर्गात जायला लागले. तिथल्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, सांगितलं, पुस्तक राहू दे, घरातली रिकामी पाकिटं घेऊन ये. मी पिशवी भरून नेली. त्यांनी एका अक्षरावर बोट ठेवलं. डावीकडे पाण्याचे तीन थेंब, म्हणजे 'सेन', धुणं. सेन्गान म्हणजे तोंड धुण्याचं, सेन्ताकु म्हणजे कपडे धुणं. दुसरं अक्षर 'झाइ', एखाद्या कामासाठी बनवलेलं मिश्रण. सेन्झाइ म्हणजे धुण्याची पावडर किंवा लिक्विड, जूनान्झाइ म्हणजे कपडे मऊ करणारं, ह्योहाकुझाइ म्हणजे ब्लीच. ब्लीचच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात 'माझेरुना किकेन' असतं, म्हणजे मिसळू नका, धोका आहे. क्लोरीनचं ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं की विषारी वायू होतो. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच दोन शब्द शिकवते.

टूथपेस्टचा शब्द मात्र एकदा ऐकला आणि डोक्यात बसला. हामिगाकिको. हा म्हणजे दात, मिगाकु म्हणजे घासणं आणि को म्हणजे पूड. ट्यूबमध्ये पेस्ट असली तरी नाव पुडीचंच राहिलं. माझी आजी कोलगेटलाही मंजनच म्हणायची.

सगळ्यात अवघड गेले ते पॅड. रात्रीचे नऊ वाजले होते, पाळी आलेली आणि समोर भिंतभर रंगीत पाकिटं. त्यांवर सेंटीमीटरचे आकडे होते, पण बाकी काही कळेना. शेवटी दुकानातल्या ताईंना हळूच म्हटलं, "सुमिमासेन, योरु... नेरु तोकि", रात्री, झोपताना. त्या लगेच म्हणाल्या, "आ, योरुयो देसु ने," आणि पाकीट काढून हातात दिलं. मग बोटाने एकेक दाखवत गेल्या: 'हिरुयो' दिवसासाठी, 'हानेत्सुकी' पंखवाले, 'ओइ हि' म्हणजे जास्त जाण्याचा दिवस. एका मिनिटात चार शब्द मिळाले आणि त्यातला एकही पुन्हा विसरले नाही. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर मानेन.

पैसे देताना कॅशिअरने ते पाकीट वेगळ्या तपकिरी कागदी पिशवीत घातलं, आतलं काही दिसणार नाही असं. मला पुण्यातलं मेडिकल आठवलं, तिथे वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. इतक्या लांब येऊनही हे लपवायचंच असतं, हे मनाला लागलं. आता मी दर वेळी सांगते, "फुकुरो वा इरिमासेन", पिशवी नको.

वर्गात एकदा सेन्सेईंनी शाम्पूची बाटली हातात दिली आणि डोळे मिटायला सांगितलं. बाटलीच्या कडेला आडव्या बारीक खाचांची ओळ लागली. कंडिशनरची बाटली गुळगुळीत. न दिसणाऱ्यांनाही हाताने ओळखता यावी, म्हणून काओ कंपनीने १९९१ साली या खाचा आणल्या आणि पुढे इतर कंपन्यांनीही घेतल्या. मी कितीतरी वेळ त्या खाचांवरून अंगठा फिरवत बसले. माझ्या घरातल्या बाटलीवरही त्या होत्या.

गेल्या वर्षी आई महिनाभर आली होती. चष्मा काढला की तिला अक्षर दिसत नाही, आणि ही लिपी तर चष्मा लावूनही परकी. पहिल्याच दिवशी तिचं बोट धरून त्या खाचांवरून फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून तिची हाक आली, "सापडला गं, खाचांचा!"