नवीन पीसी, जुनं विमान आणि चिपीचा सडा (माझा अनुभव)

डीव्हीडीचा डबा उघडला आणि बघतो तर पहिल्या डिस्कच्या कडेला बुरशीची नक्षी. आमच्या परुळ्याच्या (सिंधुदुर्ग) बाजूला यात नवीन काही नाही, पावसाळ्यात चपला, चामडी पट्टा, कॅमेऱ्याची लेन्स, कशालाही बुरशी येते. पण २००६ सालची फ्लाइट सिम्युलेटर एक्सची (मायक्रोसॉफ्टचा पीसीवर विमान उडवायचा प्रोग्राम) डिस्क, कपाटात डांबरगोळ्यांसकट जपलेली, तिच्यावर ते पांढरं जाळं बघून पोटात गोळाच आला.

झालं असं की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझी जुनी मशीन विंडोज ११ घ्यायला तयार नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, प्रोसेसर नवा पाहिजे, वगैरे वगैरे. मग मे महिन्यात कुडाळवरून नवीन पीसी बांधून आणला, सहा कोअरचा रायझन, १६ जीबी रॅम, एसएसडी. ऑफिसचं काम पहिल्या दिवशीच सुरू झालं. विमान उडायला अकरा दिवस लागले.

भाचा मुंबईहून आलेला, तो म्हणाला मामा, नवं फ्लाइट सिम्युलेटर घे ना, २०२० वालं, नाहीतर २०२४ वालं. अरे पण २०२० वालं डाउनलोड करायचंच शंभर जीबीच्या आसपास, आणि दोन्हीत खालची जमीन उडताना नेटवरून येत राहते. आमच्याकडे जरा वारा सुटला की लाईट जाते, लाईट गेली की टॉवर जातो, मग मी अरबी समुद्रावर काय बघत बसू? आणि खरं कारण वेगळंच, ते पुढे सांगतो.

माझ्याकडे आधीचा २००४ वाला पण होता, चार सीडीवाला. पहिला तोच लावून बघितला. इन्स्टॉल व्यवस्थित झाला, आयकॉनवर डबल क्लिक केलं, कर्सर दोन सेकंद गोल फिरला आणि संपलं, एरर नाही काही नाही. दोन रात्री घालवल्यावर कळलं की त्यात सेफडिस्क नावाचं कुलूप आहे, खरी सीडी ड्राइव्हमध्ये आहे का हे ते सिस्टीमच्या अगदी आत बसणाऱ्या एका ड्रायव्हरकडून तपासतं, आणि त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक म्हणून विंडोज १० पासून तो काढूनच टाकलाय. म्हणजे कुलूप आहे, चावी पण आहे, दरवाजा उघडणारा माणूस नोकरी सोडून गेला. ज्यांचा २००४ चालत नाही त्यांनी ग्राफिक्स कार्डाला शिव्या देत बसू नये, आधी हे बघा.

म्हणून मग एक्स. त्याला हे कुलूप नाही, प्रॉडक्ट की लागते. पण नवीन पीसीला डीव्हीडी ड्राइव्हच नाही! बहुतेक कॅबिनेटला आता तशी जागाच देत नाहीत. शेवटी एका फोटो स्टुडिओवाल्या मित्राकडे यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मिळाला (सीडी पण त्यावरच लावल्या होत्या). तो म्हणाला, "घेऊन जा मेल्या, आता माझ्याकडे कोण डीव्हीडी मागूक येता, सगळ्यांका पेनड्राइव्ह होयो."

बुरशीचं सांगतो, कारण कोकणात हे बऱ्याच जणांना लागेल. कोमट पाणी, त्यात लिक्विड साबणाचा एक थेंब, आणि आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. पुसायचं ते मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही, कारण डेटा गोल रेषेतच लिहिलेला असतो, गोल पुसताना ओरखडा पडला तर तो त्या रेषेच्या बाजूने लांबपर्यंत जातो आणि ड्राइव्हला सावरता येत नाही, आडवा छोटा ओरखडा तो खपवून घेतो. तीनदा पुसली, पंख्याखाली वाळवली. तरी पहिल्या वेळी ६७ टक्क्यांवर अडकलीच, परत पुसली, मग गेली. पहिल्यांदा हे केलं की दोन्ही डिस्कची कॉपी एसएसडीवर काढून ठेवा, डिस्कचा भरवसा नाही. प्रॉडक्ट की होती डब्यावरच्या स्टिकरवर, शाई उडालेली, आकडा ८ आहे का अक्षर बी हे ओळखायला मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा लागला.

मध्ये एक शॉर्टकट मारून बघितला तो पण कबूल करतो, जुन्या हार्ड डिस्कवरचं अख्खं फोल्डर उचलून नव्या पीसीवर टाकलं. चालत नाही. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या नोंदवहीतल्या) नोंदी नाहीत, त्याला लागणाऱ्या जुन्या रनटाइम फायली नाहीत, फोल्डर म्हणजे फक्त सामान झालं.

दुसरी चूक म्हणजे पहिलं इन्स्टॉलेशन प्रोग्राम फाइल्समध्येच होऊ दिलं. विंडोज तिथे सरळ लिहू देत नाही, आणि हे जुने प्रोग्राम स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायला बघतात, त्यामुळे केलेले बदल भलतीकडेच जातात (ते कुठे, पुढे सांगतो). अनइन्स्टॉल केलं आणि सरळ सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून तिथे टाकलं. नुसतं एवढ्याने अर्धी कटकट गेली. त्यानंतर एकदा चालू करून बंद, मग सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेली दुरुस्ती), परत चालू करून बंद, मग सर्व्हिस पॅक २. दोन्ही २००७ चे आहेत आणि दुसरा पहिल्याशिवाय बसत नाही, घाई करू नका.

मग म्हटलं जुनी कॉन्फिग फाइल टाकूया, इतक्या वर्षांची माझी सेटिंग. टाकली, तर कॉकपिट काळं, डायल नाहीत, बाहेर जमीन निळी. त्या फाइलमध्ये जुन्या ग्राफिक्स कार्डाचं नाव, जुन्या प्रोसेसरसाठी केलेले उपद्व्याप, सगळं तसंच. डिलीट केली, एक्स स्वतः नवीन बनवतो. मी त्यात फक्त एकच ओळ घातली, ग्राफिक्सच्या भागात HIGHMEMFIX=1 (हायमेमफिक्स), बाकी कुठल्याही जादूच्या ओळी घातल्या नाहीत आणि तुम्ही पण घालू नका असं माझं मत. मेनू सात-आठ वेळा उघडला की प्रोग्राम गपकन बंद व्हायचा, त्यावर यूआयऑटोमेशनकोर नावाची विंडोज विस्टाच्या काळातली डीएलएल (प्रोग्रामची मदतनीस फाइल) एक्सच्या फोल्डरमध्ये ठेवायचा उपाय आहे, माझ्या जुन्या डिस्कवर ती आधीपासून होती म्हणून वाचलो, असल्या फायली कुठूनही उतरवायला भीती वाटते.

स्पीडचं म्हणाल तर अपेक्षा कमी ठेवा. सगळ्यांना वाटतं नवीन मशीन म्हणजे रॉकेट. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर एक कोअर घामाघूम आणि बाकीचे पाच पारावर बसल्यासारखे. हा प्रोग्राम लिहिला तेव्हा अंदाज होता की एकच कोअर वर्षावर्षाला वेगवान होत जाईल, झालं उलटं, कोअर वाढत गेले. सर्व्हिस पॅक १ ने जमिनीचं चित्र लोड करायचं काम दुसऱ्या कोअरवर टाकलंय, पण मुख्य भार एकाच्याच डोक्यावर. फ्रेम सेकंदाला ३० वर बांधून टाकल्या, ट्रॅफिक कमी केलं, मग छान सरळ चालतंय. लोड व्हायला मात्र पूर्वी चहा करून व्हायचा, आता आधणही येत नाही.

आता खरं कारण. आमच्या परुळ्याजवळच्या चिपीचा विमानतळ सुरू झाला ९ ऑक्टोबर २०२१ ला. पण त्याच्या किती तरी आधी, तिथे सड्यावर (कातळाच्या पठारावर) नुसती आखणी आणि वाद चालू होते, तेव्हा मी एक्समध्ये चिपी बनवली होती. एका छोट्या फुकट टूलमध्ये, एक रनवे, एक पार्किंग, बाजूला दोन शेड. २००६ च्या प्रोग्राममध्ये चिपी कुठून असणार, तिथे नुसता हिरवा-तपकिरी सडा. ती एक बीजीएल फाइल (एक्सची सीनरी ज्यात असते ती) मला पाहिजे होती, आणि जुन्या डिस्कवर एक्सच्या फोल्डरमध्ये ती नव्हतीच! अॅडऑन सीनरी नावाचं फोल्डर उघडून बघतो, रिकामं. दोन दिवस मूड खराब. आई म्हणते, "एवढ्या पावसात इमान खय नेतंस? जेवूक ये."

सापडली ती व्हर्च्युअलस्टोअरमध्ये. जुना प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेला की विंडोज त्याला नाही म्हणत नाही, गुपचूप युजरच्या अॅपडेटामध्ये लोकलच्या खाली व्हर्च्युअलस्टोअर म्हणून लपलेलं फोल्डर आहे तिथे ठेवते, आणि प्रोग्रामला भासवते की जागेवरच लिहिलंय. लपलेल्या फायली दाखवा असं सेटिंग केल्याशिवाय ते फोल्डर दिसत पण नाही. जुनी मशीन भंगारात द्यायच्या आधी एवढं नक्की तपासा, माझी १४ केबीची चिपी तिथे पडलेली होती. नव्या फोल्डरमध्ये अॅडऑन सीनरीतल्या सीनरीमध्ये टाकली, एक्स परत चालू केला, विमानतळांच्या यादीत नाव आलं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मुंबईच्या रनवे २७ वरून किंग एअर (दोन पंख्यांचं छोटं विमान) उचललं. म्हणजे उचलणार होतो, जॉयस्टिक ओढतो तर विमान ढिम्म. यूएसबी बदलली, विंडोजमध्ये तपासली तर तिथे सगळे अक्ष हलतायत. मग आठवलं, कंट्रोल के दाबलं की एक्समध्ये जॉयस्टिक बंद-चालू होते, कीबोर्डवर हात ठेवून बसायची सवय नडली. परत कंट्रोल के, आणि निघालो.

समुद्रावरून डावीकडे वळून किनारा धरला. सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर, तासाभरात. अलिबाग, हर्णै, रत्नागिरी, नावं मी मनातच घेत होतो, खाली सगळं एकसारखं हिरवं, किनाऱ्याच्या रेषा कात्रीने कापल्यासारख्या. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला नाही, नुसतं पाणी. पण कर्लीच्या खाडीचं वळण ओळखू आलं आणि त्याच्या पलीकडे सड्यावर माझा रनवे.

आणि तो हवेत! म्हणजे तेव्हा मी उंची चुकीची टाकलेली, एक्स अख्खा विमानतळ एका पातळीवर सपाट करतो, त्यामुळे सड्यावर कोणी भलामोठा ओटा बांधून वर रनवे ठेवलाय असं दिसत होतं, कडेला सरळ कडा. तेव्हा हे दिसलं कसं नाही देव जाणे. उतरलो, जरा आपटलंच, ओट्याच्या टोकाला दहा पावलं शिल्लक असताना थांबलो. आईला बोलावून दाखवलं, ती म्हणाली, "आपल्या अंगणासारखा केलंस."

उंची बदलायची तर ते जुनं टूल लागणार. ते अजून नव्या विंडोजवर टाकायचंय.