परदेशातील सेवेसाठी मंडळीचे वचन

मिरजेत वाढलेल्या ख्रिस्ती माणसाला परदेशी मिशन म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मात्र मिशन नेहमी आपल्याकडे येणार, आपल्याकडून कोठे जाणार नाही, असेच आपण धरून चाललेलो असतो. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले, आणि सांगली-मिरजेच्या दरम्यानची वानलेसवाडी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या शस्त्रक्रियांविषयी आपल्याकडे भरभरून बोलले जाते. ज्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहांनी, समुद्रापलीकडून वर्षानुवर्षे या मिशनची वर्गणी भरली, त्यांच्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. त्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मिरज नकाशावरसुद्धा पाहिले नसेल.

आमच्या मंडळीच्या यंदाच्या अंदाजपत्रकात परदेशातील सेवेसाठी स्वतंत्र तरतूद करावी, असा प्रस्ताव आला आहे. त्यावर अपेक्षित प्रश्नही लगेच आला: पावसाळ्यात छप्पर गळते, पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) निवासाची डागडुजी राहिली आहे, मग परदेशाचा विचार आत्ताच कशाला? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्या वडीलमंडळींना मी कंजूष म्हणणार नाही. परंतु बायबलमध्ये प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस, म्हणजे फिलिप्पै शहरातील मंडळीला, लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात त्या मंडळीविषयी जे म्हटले आहे ते येथे लागू पडते. देण्याघेण्याच्या बाबतीत त्याच्याशी भागी ठेवणारी ती एकच मंडळी होती, आणि तो थेस्सलनीकात असताना तिने त्याची गरज भागवायला एकदाच नव्हे तर पुन्हाही पाठवले होते. माझ्या मते सगळे वजन त्या ‘पुन्हा’मध्ये आहे. उपकारस्तुतीच्या (देवाचे आभार मानण्याच्या) दिवशी भरून आलेल्या मनाने एकदा मोठी रक्कम देणे तुलनेने सोपे असते. तिसऱ्या वर्षी, उत्साह ओसरल्यावर आणि पाठवलेल्या माणसाचा चेहराही अंधूक झाल्यावर, तेवढेच पैसे तेवढ्याच वेळेवर देणे अवघड असते.

परदेशात गेलेल्या सेवकाची पहिली वर्षे बहुधा भाषा शिकण्यात आणि तेथील लोकांना समजून घेण्यात जातात. त्या काळात दाखवण्यासारखे काहीही हाती नसते, आणि नेमक्या त्याच वेळी मंडळी ‘काम किती झाले’ असे विचारू लागते. म्हणून चार ठिकाणी थोडे थोडे वाटण्यापेक्षा एकाच व्यक्तीची किंवा कुटुंबाची निदान पाच वर्षे जबाबदारी घ्यावी, असे मला वाटते.

आपल्याकडून पाठवणी कधी झालीच नाही, असेही नाही. १८८६ मध्ये अमेरिकेतील माउंट हर्मन येथे शंभर विद्यार्थ्यांनी परदेशातील सेवेसाठी स्वतःला देऊ केले आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली. तिच्या प्रवर्तकांपैकी रॉबर्ट वाइल्डर हे मिशनरी कुटुंबात १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मले होते. नेपाळात रुग्णालये आणि शिक्षणाचे काम करणारे युनायटेड मिशन टू नेपाळ १९५४ मध्ये स्थापन झाले, तेही नागपुरात. नेपाळच्या कायद्याने धर्मांतर करवण्यास मनाई आहे, त्यामुळे तेथे जाणाऱ्या परिचारिकेला वा शिक्षकाला पाठिंबा देताना आपण नेमके कोणत्या कामासाठी पाठवत आहोत, हे मंडळीने स्वतःशी आणि जाणाऱ्याशी स्वच्छ बोलून घेतले पाहिजे.

पैसा कोठून येणार, या प्रश्नाला मिझोरमच्या मंडळ्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उत्तर दिले आहे. तेथील घरांत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवतात, महिला ते गोळा करतात आणि त्यांच्या विक्रीतून सेवाकार्याला पैसा उभा राहतो. मुष्टिफंडावर वसतिगृहे चाललेली पाहणाऱ्या सातारा-सांगलीच्या लोकांना यात नवल वाटायचे कारण नाही. आमच्याकडे कापणीच्या सणाला धान्य, भाज्या, कोंबड्या यांचा लिलाव होतो आणि एकेक भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो; ती हौस वर्षभर थोडी थोडी पसरवता आली तर बरे.

रक्कम परदेशी पाठवण्याचा मार्ग मात्र सरळ नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यात देणगीही येते. ही सोय न्यासांना नाही. शिवाय धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेल्या खर्चाला विशेष मंजुरीवाचून आयकराची सूट मिळत नाही. त्यामुळे सभासदांनी परदेशासाठी व्यक्तिशः द्यावे आणि मंडळीने जाणाऱ्याची येथील बाजू सांभाळावी, हे मला व्यवहार्य वाटते: त्याचे प्रशिक्षण, मागे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी, मुले येथे शिकत असतील तर त्यांची फी, आणि तो परत आल्यावर नवी नोकरी मिळेपर्यंतचे घरभाडे. या शेवटच्या बाबीचा विचार सहसा कोणीच करत नाही. हिशेबतपासनिसांचा सल्ला मात्र ठराव मंजूर होण्यापूर्वीच घ्यावा.

प्रस्तावात ही तरतूद ‘वर्षअखेरच्या शिल्लकेतून’ करावी असे शब्द आहेत. आमच्या मंडळीत वर्षअखेर शिल्लक उरल्याचे कोणाला आठवत नसल्यामुळे, ते शब्द काढून तेथे ‘दरमहा, पाळकांच्या वेतनाबरोबर’ असे घालावे, अशी लेखी दुरुस्ती मी सचिवांकडे दिली आहे.